डौल आणि डोळे

इटलीतील पार्मा येथे १७६८ साली ड्यूकच्या मुद्रणालयाची सूत्रे हाती घेणाऱ्या जांबात्तिस्ता बोदोनीची रोमन अक्षरे आजही मथळ्यांत शोभतात. जाडजूड उभे दंड आणि केसासारख्या नाजूक आडव्या रेघा हे त्यांचे वैभव. परंतु बारीक मजकुरात त्याच रेघा पुसट होतात. धातूच्या खिळ्यांच्या काळी प्रत्येक आकाराचा ठसा स्वतंत्र कोरला जाई. त्यामुळे लहान अक्षरांतील रेघ किंचित भक्कम ठेवता येई. संगणकावर मात्र मथळ्याचेच रेखाटन आक्रसून तळटीपेला सर्रास वापरले जाते. १९९४ च्या ‘आयटीसी बोदोनी’ने सहा, बारा व बहात्तर पॉइंटांसाठी निराळी रेखाटने देऊन जुनी शिस्त पुन्हा दाखवून दिली. ती पाळणे मुद्रकांचे कर्तव्यच आहे. वाचकाचे डोळे शिणवून मिळवलेला डौल छापणाऱ्याला भूषणावह नाही.