मत विकलं म्हणता, कुणी?

परवा धाराशिवला एका व्याख्यानात वक्त्यांनी नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निकालाचा उलगडा एका वाक्यात करून टाकला. बायांनी पंधराशे रुपयांत मत विकलं. बाईला राजकारण कळत नाही, घरातले सांगतील किंवा खात्यात पडेल तिकडे ती जाते, आणि बाईच बाईला निवडून देत नाही, असं त्यांचं एकूण म्हणणं. सभागृहात टाळ्या पडल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

बायांना महिन्याला पंधराशे रुपये देणारी लाडकी बहीण योजना आली ती जून 2024 च्या अर्थसंकल्पात. त्याच अर्थसंकल्पात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. मोटार कुणाच्या नावावर असते? सातबारा कुणाच्या नावावर असतो? पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार, असे बारा हजार जमीन ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात येतात, आणि आपल्याकडे ते नाव बहुधा पुरुषाचंच असतं. 2020 च्या खरिपाच्या सोयाबीन विम्यासाठी हा जिल्हा कोर्टापर्यंत भांडला, आणि ते भांडण रास्तच होतं. कर्जमाफी झाली की आपण म्हणतो, शेतकऱ्याला न्याय मिळाला. मोटारीचं बिल माफ झालं म्हणून तात्यांनी मत विकलं, असं कुठल्या पारावर कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. पुरुषाला मिळालं तर तो हक्क, बाईला मिळालं तर ती लाच. हा हिशेब कुठला?

आमच्याकडे खुरपायला येणाऱ्या एक मावशी आहेत. रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार एकदम जमा झाले, तेव्हा त्यांनी आधी किराणावाल्याची उधारी फेडली आणि उरलेल्यात चष्मा केला. दोन वर्षं त्या तण आणि रोप हाताने चाचपून ओळखत होत्या. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या मुलाने विचारलं, कुणाला दिलं? म्हणाल्या, "मशीनला सांगितलंय, तुला कशाला सांगू?"

आणि जिल्ह्याचा निकाल तरी वक्त्यांनी बघायचा होता. पैसे चारही मतदारसंघांत सारखेच आले. तुळजापूर आणि परंडा सत्ताधाऱ्यांकडे गेले, धाराशिव आणि उमरगा विरोधकांकडे. दोन-दोन. मत विकलं असतं तर अर्धा माल परत कसा गेला?

बाई बाईला मत देत नाही म्हणे. पुरावा काय, तर 2024 ला धाराशिवच्या लोकसभेला अर्चना पाटील ओमराजेंकडून सव्वातीन लाखांहून जास्त मतांनी पडल्या. 2019 ला त्यांचे यजमान राणाजगजितसिंह याच ओमराजेंकडून पडले होते. तेव्हा पुरुष पुरुषाला मत देत नाही, असं कुणी म्हटलं नाही. 2004 ला याच मतदारसंघाने कल्पना नरहिरे यांना दिल्लीला पाठवलं, तेव्हा पंधराशे रुपये नव्हते.

हा वाद मला नवा नाही. पंचायतीत आधी 33 आणि 2011 साली 50 टक्के जागा बायांना मिळाल्या, तेव्हाही हीच माणसं हेच बोलत होती. सही बाईची, खुर्चीत नवरा, हे मीही पाहिलंय. पण त्या खुर्चीत जाऊन बसणारा पुरुषच होता ना? मग दोष बाईच्या अकलेला कसा?

बाईला कळतं, याचा दाखला हवा असेल तर सास्तूर-लोहारा भागात जा. 1993 च्या भूकंपानंतर घरं उभी राहत होती, तेव्हा संवाद सहायक म्हणून बायांनी बांधकामावर लक्ष ठेवलं, सरकारी माणसांशी बोलल्या. आज त्यांच्यासारख्याच बाया, पंधराशेचे एकवीसशे करणार होतात त्याचं काय झालं, हे विचारतात. सत्ताधाऱ्यांच्या जाहीरनाम्यात ते होते, मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात आले नाहीत. विकलेला माणूस हिशेब मागत नाही.

बाईचं मत विकत मिळतं असं एकदा मानलं की पक्ष तिला पैसे देतो, तिकीट देत नाही. नोव्हेंबर 2024 ला जिल्ह्यात चार जागांवर दोन्ही आघाड्यांचे मिळून आठ प्रमुख उमेदवार उभे होते. आठही पुरुष होते.