शटर खाली, मीटर चालू

नोकरदार आजारी पडला तर त्याची रजा खर्ची पडते. शिंपी, सलूनवाला किंवा रिक्षाचालक आजारी पडला तर कमाईच थांबते. दुकानाचे शटर खाली आणि रुग्णालयाचे मीटर चालू! कंपनीची गट पॉलिसी नाही. ईएसआय आहे ती दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी. म्हणून ज्याला विम्याची सर्वाधिक गरज, तोच तो एकट्याने निवडतो, आणि बहुतेक वेळा हप्त्याचा आकडा पाहूनच.

हप्ता कमी का आहे, हे मात्र आतल्या पानांवर असते. समजा, पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला पाच हजार. रुग्णाला आठ हजारांची खोली मिळाली. घरच्यांना वाटते, वरचे तीन हजार आपण भरू. प्रत्यक्षात कंपनी डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, परिचर्या हे खर्चही पाचास आठ या प्रमाणातच मान्य करू शकते. हे खर्च दोन लाख झाले असतील, तर मिळतील सव्वा लाख. उरलेले ७५ हजार खिशातून, शिवाय चार दिवसांच्या खोलीचे १२ हजार. औषधे, इम्प्लांट व तपासण्यांना ही कात्री लागत नाही, एवढाच दिलासा. हप्त्यात वर्षाला वाचवलेले दोन-तीन हजार असे एका फटक्यात जातात. खोलीभाड्याला मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली, तरी आमच्या मते तीच घ्यावी.

दुसरी चूक फॉर्म भरताना होते. 'शुगर लिहू नका, हप्ता वाढेल' असा सल्ला देणारा एजंट दावा नाकारला गेल्यावर फोन उचलत नाही. खरे तर आता लपवण्यात फायदाही उरलेला नाही. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ २०२४च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. पूर्वी तो चार वर्षे होता. मधुमेह आज लिहून टाकला, तर तीन वर्षांनी त्यावरचा दावा हक्काचा. लपवला, तर सलग पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत टांगती तलवार. आणि फसवणूक सिद्ध झाली, तर त्यानंतरही सुटका नाही. फॉर्म एजंटाने भरला तरी सही आपली असते.

सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, हे चांगलेच झाले. मात्र मार्चअखेरीस 'कर वाचवा' म्हणून पॉलिसी गळ्यात मारली जाते, तेव्हा ८०डीची वजावट जुन्याच करप्रणालीत मिळते, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

हप्ता अजिबात परवडत नसेल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. राज्यातील सर्व कुटुंबांना तिचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण ती नोंदणीकृत रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांसाठीच चालते. जवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे, याची चौकशी तब्येत धडधाकट असतानाच करून ठेवावी.

यापैकी कोणतीच पॉलिसी बुडालेली रोजची कमाई भरून देत नाही. त्यासाठी रुग्णालयात दाखल असताना रोज ठरावीक रक्कम देणारी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. निदान दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम तरी बाजूला असावी.

पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. तिच्यासोबत ग्राहक माहितीपत्रक येते. खोलीभाडे, प्रतीक्षा काळ, वगळलेले आजार, सारे त्यात थोडक्यात असते. ते इंग्रजीत आले, तर कंपनीकडे मराठीत मागता येते. फारसे कुणी मागत नाही.