कन्या 3

गेल्या शनिवार-रविवारी आम्ही दोघं गुहागरला जाऊन आलो. निमित्त होतं आमच्या घराण्याच्या कुलसंमेलनाचं. बायकोला विचारलं, "येतेस का?" तर तिने उलट विचारलं, "मी नक्की कोण म्हणून यायचं? कुलातली की पाहुणी?"

मी हसलो. पण उंब्रजला हायवे सोडून पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरेपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. तिला घाट लागतो, त्यामुळे ती डोळे मिटून बसली होती आणि मी गाडी चालवता चालवता विचार करत होतो की खरंच, कोण म्हणून?

आधी ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोकणातल्या बऱ्याच घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ पुरुषापासून सुरुवात, मग त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, कोण कुठल्या गावी गेला, कोणाचं इनाम होतं, कोण मास्तर झाला. काही वर्षांनी सगळे जमतात, कुलदैवताला अभिषेक होतो, भाषणं होतात, पंगत बसते. आमचं कुलदैवत व्याडेश्वर, म्हणून गुहागर.

या कामाची मला टिंगल करायची नाही. फोन नव्हते त्या काळात लोकांनी पोस्टकार्डं पाठवून, एसटीने गावोगाव हिंडून, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या चाळून ही माहिती जमवली. पगार नाही, रजा बिनपगारी. आम्ही चार जण एसीत बसून एक डेटा मायग्रेशन करतो तर महिनाभर कुरकुर करतो. त्यामुळे आदर आहेच.

तर नोंदणीच्या टेबलावर फॉर्म मिळाला. नाव, वडिलांचं नाव, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचं नाव, तिचं माहेरचं नाव, मुलगे. आणि खाली बारीक अक्षरात सूचना : विवाहित मुलींच्या अपत्यांची नोंद करू नये. आम्हाला एकच मुलगी आहे, अकरा वर्षांची. बायकोने फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमची शाखा आपल्यापाशी संपली. अभिनंदन!" :-)

दुपारी पंगतीत आमच्या शेजारी एक आत्या बसल्या होत्या. वय शहाऐंशी. या घराण्यातली लेक, म्हणजे लग्नाने आलेली नव्हे, इथलीच. डाळिंब्यांची उसळ वाढणाऱ्याला त्या सांगत होत्या, "तू अमक्याचा नातू ना? तुझी पणजी आमच्या मधल्या काकूची मावसबहीण." तासाभरात त्यांनी कमीत कमी सात-आठ घराण्यांची नाती उलगडून दाखवली. कोणाची कोण कुठे दिली, कोणाचं नाव लग्नात बदलून काय ठेवलं, सगळं तोंडपाठ. आमच्या कंपनीत असा सर्च कोणी लिहिला तर त्याला लगेच प्रमोशन मिळेल.

जेवण झाल्यावर त्या बायकोला म्हणाल्या, "अगो, तो ग्रंथ आणलायस ना विकत? आमचं पान काढ. मला बारीक अक्षर दिसत नाही." बायकोने पान शोधलं. वडिलांचं नाव, जन्मसाल, नोकरी, दोन मुलग्यांवर प्रत्येकी एक परिच्छेद. आणि शेवटी दोनच शब्द : कन्या 3.

ती वाचता वाचता थांबली. आत्या म्हणाल्या, "पुढे वाच की." पुढे काही नव्हतंच.

मग बायकोने पर्समधून पेन काढलं आणि म्हणाली, "आत्या, तिघींची नावं सांगा." आत्यांनी स्वतःचं माहेरचं नाव सांगितलं, धाकटीचं सांगितलं, आणि मधलीपाशी थोडा वेळ गप्प बसल्या. ती सहा वर्षांची असताना तापाने गेली. "तिचं नाव घेऊन किती वर्षं झाली गो," म्हणाल्या. मग सांगितलं. आता आमच्या प्रतीत समासात तीन नावं आहेत, निळ्या शाईत. बाकीच्या सगळ्या प्रतींत अजून कन्या 3.

आता मुद्द्यावर येतो.

संपादक मंडळातल्या एका काकांशी मी बोललो. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ते म्हणाले, "मुलींची मुलं त्यांच्या त्यांच्या घराण्याच्या ग्रंथात येतात. इथेही घेतली तर दोनदा नोंद, आणि ग्रंथाची पानं दुप्पट." छापील पुस्तकाला कुठेतरी कुंपण घालावंच लागतं, हे मान्य. आडनाव हे सोपं कुंपण.

पण हा हिशेब जुळायला एक अट आहे. दोन ग्रंथांमधला दुवा शाबूत पाहिजे. इथे मुलगी नुसता आकडा म्हणून येते. तिकडे सून म्हणून येते ती लग्नात बदललेल्या नावाने. एका टेबलमधून रेकॉर्ड डिलीट झालं, दुसऱ्या टेबलमध्ये नवीन आयडीने आलं आणि दोघांना जोडणारी की कुठेच नाही. असा डेटाबेस आम्ही क्लायंटला दिला तर तो पैसे देणार नाही.

दुसरं गणित बघा. दोन आईवडील, चार आजीआजोबा, आठ पणजी-पणजोबा. दहा पिढ्या मागे गेलात की त्या एका पिढीत 1024 जागा होतात, आणि दहाही पिढ्यांची बेरीज 2046. (नात्यात लग्नं झाल्यामुळे माणसं प्रत्यक्षात कमी असतात, पण ते सोडा.) कुलवृत्तांत त्यातले मला किती देतो? दहा बाप आणि फार तर त्यांच्या दहा बायका. वीस. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. आणि आम्ही व्यासपीठावरून "आपलं रक्त, आपलं रक्त" म्हणत होतो!

तिसरं, बाकीचं जग पुढे गेलंय. वंशावळीचा डेटा देवाणघेवाण करायला गेडकॉम नावाचा फॉरमॅट आहे, 1984 पासूनचा. त्यात कुटुंब ही वेगळी नोंद असते आणि प्रत्येक माणूस दोन कुटुंबांना जोडता येतो, जिथे जन्मला ते आणि जिथे संसार केला ते. एकाच व्यक्तीची जन्माचं आणि लग्नानंतरचं अशी दोन्ही नावं ठेवायची सोय आहे. कायदाही पुढे गेलाय. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी जन्मानेच मुलासारखी हिस्सेदार झाली. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं. सातबाऱ्यावर मुलगी येते, आणि आमच्या ग्रंथात मात्र आकडा?

माझं मागणं मोठं नाही. एक, प्रत्येक मुलीचं जन्माचं नाव छापा, ती जगली नसली तरी. दोन, लग्नानंतरचं नाव आणि घराणं त्याच ओळीत द्या. तीन, मुलींची मुलं पुस्तकात मावत नसतील तर निदान फाईलमध्ये ठेवा, तिथे पानांचा खर्च नसतो. आणि हे लवकर करा, कारण ही माहिती ज्यांना पाठ आहे त्या बायका शहाऐंशी वर्षांच्या आहेत. सर्व्हर गेला तर बॅकअप असतो, आत्यांचा नाही.

काका म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत बघू." आमच्याकडेही क्लायंटला असंच सांगतात, त्यामुळे मला अर्थ कळला.

परत येताना बायकोला घाट लागला नाही. ती मोबाईलवर टाईप करत होती. आत्यांनी सांगितलेलं सगळं, विसरायच्या आत. साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा बावन्न नावं झाली होती, त्यातली एकोणचाळीस बायकांची. मी म्हटलं, "मग? कोण म्हणून आली होतीस ते ठरलं का?"

"संपादक," ती म्हणाली.

असो. पुढच्या शनिवारी रेकॉर्डर घेऊन आत्यांकडे चिपळूणला जातोय. मुलगीही येतेय म्हणते. तुमच्याकडेही अशी एखादी आत्या, मावशी, काकू असेलच. फोन तरी करा.