ध्वजाचे कापड

१७ सप्टेंबरला औशात तिरंगा चढतो. उर्वरित महाराष्ट्राला हा दिवस सहसा आठवत नाही. मराठवाड्याला तो विसरता येत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि त्याचा अधिकृत ध्वज आसफजाही होता: पिवळ्या पटावर पांढरा गोल. तो गोल म्हणजे कुलचा. एका अवलियाने पहिल्या निजामाला कुलचे खाऊ घालून राज्याचा आशीर्वाद दिला, अशी आख्यायिका आहे. ध्वजावर रोटी होती खरी. पण ती एका घराण्याच्या भाग्याची, रयतेच्या पोटाची नव्हे. त्या राज्यात तिरंगा उभारणे हा अपराध होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थांनी तो हैदराबादेत केला आणि तुरुंग पत्करला.

तिरंग्याच्या रंगांचे अर्थ शाळेत पाठ करून घेतले जातात, जणू ते अनादि आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. १९२१ च्या ध्वजात रंगांची वाटणी जमातवार होती. १९३१ मध्ये काँग्रेसने ती मोडून रंगांना गुणांचे अर्थ दिले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत राधाकृष्णन यांनी हिरव्याचे नाते मातीशी व वनस्पतींशी जोडले. मिरवणुकांतून रंगांची पुन्हा जमातवार वाटणी करणारे पुढारी १९३१ च्याही मागे निघाले आहेत, हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे.

त्याच दिवशी चरख्याच्या जागी चक्र आले. ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा, असे कारण नेहरूंनी दिले. गांधीजींना ते रुचले नाही. तथापि चरखा चित्रातून गेला तरी कापडात राहिला. ध्वज हाताने कातलेल्या, हाताने विणलेल्या खादीचाच असावा, हा नियम २००२ च्या ध्वजसंहितेतही होता. रंगांचे अर्थ बदलत गेले. श्रमाचा अर्थ टिकला. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने तोही सुटला. यंत्रावरचे कापड व पॉलिएस्टर यांना मुभा मिळाली आणि २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ची हाक आली.

खादीचा ध्वज महाग पडतो, गरिबाच्या घरी तो कसा पोचणार, हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या दृष्टीने पोकळ नाही. पण स्वस्ताईला दोन वाटा असतात. कताई-विणाईची मजुरी शासनाने अनुदानातून भरून काढली असती, तर ध्वजही घरी गेला असता आणि पैसाही कारागिराच्या हाती पडला असता. निवडली गेली ती दुसरी वाट. तिच्यात मजूरच वगळला जातो. खादीची थट्टा करण्यात समाजवादी गोटही मागे नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

लातूर जिल्ह्यातील उदगीरला वर्षानुवर्षे ध्वजाची खादी विणली गेली. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीने तिचे ध्वज शिवून देशभर धाडले. औशातील ग्रामपंचायती, सोसायट्या आणि शाळा यांनी येत्या १७ सप्टेंबरसाठी ध्वज कोठून घ्यावयाचा, याचा ठराव ऑगस्टअखेर करून समितीकडे मागणी नोंदवावी. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या बैठकीत हा विषय पहिला ठेवावा.