"एकदाच करून घे" म्हणणाऱ्यांसाठी

लग्नसराई आली की आमच्या परभणीत खर्चाच्या यादीत आता आणखी एक ओळ वाढलेली असते. बस्ता, हॉल, मेहंदी आणि नवरीचे केस सरळ करणे! कुरळ्या केसांची नवरी फोटोत शोभत नाही म्हणे. हे कुणी ठरवलं असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

आपल्या नात्यातल्या एका मुलीने वर्षापूर्वी हे रिबाँडिंग प्रकरण बंद केलं. कॉलेजपासून करत होती. आता डोक्याजवळचे चार-पाच बोटं केस तिचे स्वतःचे, कुरळे, आणि त्याखाली सुतासारखे सरळ. दिसतं जरा विचित्र, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारणारच, "पार्लरमध्ये मधेच लाईट गेली होती का गं?" आणि आता तिचं लग्न ठरल्यापासून एकच धोशा चाललाय, "लग्नापुरतं एकदाच करून घे." हा लेख तिच्या बाजूने आहे. ज्यांच्या विरुद्ध आहे ते बहुतेक सगळे हे वाचतात, ते बरंच झालं.

"एकदाच" हा शब्दच खोटा आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्यात गंधकाचे बंध असतात. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलिक आम्लाच्या क्रीमने ते बंध तोडतात, गरम इस्त्रीने केस सरळ दाबतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने तसेच पुन्हा बांधून टाकतात. तो केस परत कुरळा होत नाही. कुरळेपण येतं ते कातडीखालच्या मुळाच्या आकारातून, म्हणून नवा येणारा केस मात्र कुरळाच येतो. केस वाढतो महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर. म्हणजे कमरेपर्यंतचे केस मूळपदावर यायला चार-पाच वर्षं, नाहीतर कात्री. तिने वर्षभर टोमणे खाऊन जे कमावलं, ते तुम्ही एका दुपारी इस्त्रीखाली घालायला सांगताय!

"मग केराटिन करून घे, त्यात काही नसतं" असंही एका काकूंनी सुचवलं. असतं. त्यातल्या अनेक प्रकारांत तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, आणि तो कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००४ सालीच सांगितलंय. त्याऐवजी जे ग्लायऑक्सिलिक आम्ल आलं, त्याची कथा मार्च २०२४ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी छापली. एका २६ वर्षांच्या तरुणीने २०२० ते २०२२ दरम्यान तीन वेळा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. अमेरिकेत ३३,४९७ बायकांच्या पाहणीत (२०२२) केस सरळ करण्याची रसायनं वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाचा कर्करोग जास्त आढळला. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं असं नव्हे. पण ती रसायनं वापरणाऱ्यांत सुमारे ६० टक्के कृष्णवर्णीय बायका होत्या, हे लक्षात घ्या. आपले केस नोकरीत, शाळेत चालत नाहीत असं त्यांना पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलं. शेवटी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तिथे गोऱ्यांनी ऐकवलं. आपल्याकडे आत्या-मावश्याच पुरतात.

बाईच्या डोक्यावर काय असावं हे घराने ठरवायचं, ही खोड आपल्याकडे जुनीच. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. वस्तरा धरणाऱ्याला जे कळलं ते घरच्यांना कळत नव्हतं. तुलना थोडी ताणलेली आहे, असू द्या.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींना. "आमच्या वेळी शिकेकाईने सगळं व्हायचं" हेही पुरे करा. कुरळे केस मुळात कोरडे असतात, कारण डोक्यातलं तेल वळणावळणाने टोकापर्यंत पोचत नाही. शिकेकाई-रिठ्याने ते आणखी रखरखीत होतात, त्यात आपलं बोअरचं जड पाणी. त्यांना तेल लागतं, आणि ओले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने हळू सोडवावे लागतात. एवढं कुणी त्या पोरीला लहानपणी सांगितलं असतं तर ती पार्लरला गेलीच नसती. तेव्हा सगळ्यांनी "काय हे झिपरं" एवढंच म्हटलं.

गंगाखेडच्या जनाबाईंची आपण जिल्हाभर मिरवतो. तिचे केस विंचरायला खुद्द विठ्ठल बसला, अशी कथा आहे. केस सरळ करून ये मग विंचरतो, असं काही तो म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

असो. लग्न वैशाखात आहे. अंबाडा घालायचा आणि भरपूर मोगरा माळायचा असं तिने ठरवलंय, अंबाड्यात दोन्ही प्रकारचे केस मावतात. आहेर आणणाऱ्यांनी केसांची इस्त्री आणू नये. कंगवा चालेल, रुंद दातांचा.