यात्रेचा सांगाती

तीर्थयात्रा पायीच का करावी, असा प्रश्न आजचा विद्यार्थी विचारतो, आणि त्याचे विचारणे गैर नाही. हुमनाबादहून उमरगा, नळदुर्ग, सोलापूर या मार्गाने पंढरपूर दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मोटारीने हे अंतर एका दिवसात सहज तोडता येते. पायी जाणाऱ्यास कित्येक दिवस लागतात. केवळ मूर्तीचे दर्शन एवढाच हेतू असेल, तर मोटारच बरी. परंतु आमच्या मते पायी यात्रेचे निम्मे पुण्य देवळात नसून वाटेत आहे, आणि ते सोबतच्या सांगात्यामुळे पदरी पडते.

या बाबतीत आपल्यापुढील सर्वांत थोर उदाहरण ज्ञानेश्वर व नामदेव यांचे होय. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली. त्यापूर्वी या दोघांनी मिळून तीर्थयात्रा केली, असे वर्णन नामदेवांच्या नावावर असलेल्या तीर्थावळीच्या अभंगांत आहे. एक योगी व तत्त्वज्ञ, तर दुसरा शिंप्याच्या घरचा भोळा भक्त. पंढरी सोडून जाण्यास नामदेवांचे मन प्रथम घेत नव्हते. वाटेत निर्जल प्रदेशात दोघांनाही तहान लागली आणि विहीर तर अतिशय खोल. ज्ञानदेव योगबळाने आत उतरून पाणी प्याले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला, तेव्हा विहीरच भरून वाहू लागली, अशी ही कथा. चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला, तरी तिचे मर्म उरतेच. दोघांचे मार्ग भिन्न होते. तथापि त्यासाठी कोणी कोणाची संगत सोडली नाही.

मात्र एका वाटेने चालणारे सर्वच एकमेकांचे सांगाती होतात, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवर ‘वाटचाल’ हा लेख लिहिला आहे. दिवसभर एकत्र भजन करीत चालणारे ब्राह्मण व मराठा वारकरी जेवावयास मात्र वेगळे बसत, हे पाहून त्यांना झालेले दुःख त्यात व्यक्त झाले आहे. ज्या विठ्ठलाच्या भेटीसाठी एवढी पायपीट, त्याच्याच मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. तात्पर्य, पाय एका वाटेवर पडले म्हणजे मने एकत्र आली असे नव्हे. भाकरी वाटून खाल्ली, मागे पडलेल्यासाठी आपण थांबलो, त्याचे ओझे घटकाभर आपल्या खांद्यावर घेतले, तरच ती खरी सोबत.

आपल्या भागात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. हुमनाबादच्या बाजारात मराठी, कानडी व दखनी एकाच वेळी कानी पडतात. गावालगतच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठी, कानडी व हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलास ‘कानडा’ म्हटले, आणि कन्नडमध्ये गाणाऱ्या पुरंदरदासांनी आपल्या पदांच्या मुद्रिकेत विठ्ठलाचेच नाव घेतले. देवाला दोन्ही भाषा चालतात. मग आपण सोबती निवडताना भाषा पाहून का निवडावा?

म्हणून विद्यार्थी बंधुभगिनींस आमचे एवढेच सांगणे आहे. पुढे कधी पंढरीस, गाणगापुरास किंवा नुसते माणिकनगरापर्यंत पायी जाण्याचा योग आला, तर आपल्याहून निराळ्या घरचा, निराळ्या बोलीचा एक तरी सोबती बरोबर घ्यावा. तो हळू चालत असेल, तर आपलीही चाल हळू करावी. पोहोचण्यास एक दिवस अधिक लागेल, परंतु तो दिवस वाया गेला असे कोणीही म्हणणार नाही.