रसायनाच्या गप्पा : धूर म्हणजे न जळलेलं सरपण

गेल्या दिवाळीत अनारसे तुपात का हसतात ते पाहिलं. यंदा साखरेमागे उरणाऱ्या चोथ्याची गोष्ट.

एक टन ऊस गाळला की 250 ते 300 किलो चिपाड उरतं, आणि त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. कारखान्यात याला बगॅस म्हणतात. तो बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज मिळवतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात हेच चिपाड उन्हात वाळवून काहिलीखालच्या चुलवाणात घालतात.

जाळात त्याचं काय होतं? 100 अंश सेल्सियसच्या आसपास पाणी उडतं. सुमारे 220 अंशांपासून हेमिसेल्युलोज तुटू लागतं, 315 ते 400 अंशांत सेल्युलोज. लिग्निन मात्र चिवट, ते सावकाश सुटत जातं. गंमत अशी, की सेल्युलोज ही ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. म्हणजे रस काढल्यावरही उसात साखर उरते, फक्त ती आपल्याला पचत नाही!

सुटलेल्या वायूंना पुरेशी हवा आणि आच मिळाली, तर ज्वाळा. नाही मिळाली, तर धूर. हवा मुळीच दिली नाही, तर वायू निघून जातात आणि मागे कोळसा राहतो. तो जळताना धूर जवळजवळ होत नाही, कारण धूर करणारं आधीच गेलेलं असतं.

आपल्यातल्या जुन्या मंडळींना इथलं ‘स्मोकलेस फ्युएल’ आठवत असेल. 1952 च्या लंडनच्या विषारी धुरक्यानंतर 1956 साली क्लीन एअर ॲक्ट आला आणि धूरबंदीच्या वस्त्यांत कोकसारखं इंधन आलं. कोक म्हणजे बंद भट्टीत तापवून वायू काढून घेतलेला दगडी कोळसा.

तीच युक्ती पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे (इरावतीबाईंचे चिरंजीव) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचटावर केली. पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं. बरेच शेतकरी ती फडातच पेटवून देतात. यांनी ती बंद पिंपांत भरून तापवली, निघणारा वायू त्याच भट्टीला जाळायला वापरला आणि उरलेल्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून कांडी कोळसा केला. या कामाला 2002 साली ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

मग अजून फड का पेटतात? रसायनशास्त्र सुटलं, हिशोब सुटला नाही. पाचट हलकं, पसरलेलं. गोळा करायला मजुरी लागते आणि रान लवकर मोकळं करायचं असतं. काडी मात्र स्वस्त. म्हणून पाचट उचलण्याची मजुरी निघेल असा भाव कोळशाला मिळेल, तिथेच ही भट्टी टिकेल.

मुलांनो, लक्ष्मीपूजनाला मोठ्यांना सोबत घेऊन एक प्रयोग करा. मेणबत्ती विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच पेटती काडी लावा. ज्योत धुरातून उडी मारून वातीवर येईल. मग आजीला विचारा, चुलीसमोर बसून तिच्या आईने असं किती सरपण छातीत घेतलं असेल.